गोलकीपरचे साठ ईमेल

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा, असं आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या संपादिकाबाईंनी फर्मावलं तेव्हा मी विचारलं, "कौतुकाच्या लिहू की चुकांच्या?" त्या म्हणाल्या, "कौतुकाच्या लिहा हो, सणाचा अंक आहे." ठीक आहे. कौतुकाच्याच लिहिते. पण कौतुक माझं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ऑकलंडच्या एका मुलींच्या शाळेत मी पंधरा वर्षं करिअर्स अ‍ॅडव्हायझर होते. त्याआधी फिजिक्स शिकवायचे, पण ते जाऊ दे. पुण्याला फोनवर माझ्या बहिणीला हे पद समजावता समजावता मी हात टेकले. "म्हणजे तू क्लार्क आहेस का?" असं तिने एकदा सरळच विचारलं. क्लार्क नव्हे गं बाई. मुलींनी शाळेनंतर काय करायचं, कुठे जायचं, कोणते विषय सोडले तर कोणतं दार बंद होईल, हे सांगणारी बाई. कुणाला नर्स व्हायचं असतं, कुणाला सुतार, कुणाला काहीच व्हायचं नसतं. सगळ्यांना एकच खुर्ची, एकच चहा.

आणि त्यातच एक खातं माझ्या गळ्यात पडलं, ते म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांत खेळाच्या जोरावर जाऊ पाहणाऱ्या मुलींचं. रोइंगच्या, सॉकरच्या, आणि आमच्या शाळेत विशेषकरून लॅक्रॉसच्या.

लॅक्रॉस म्हणजे काय हे मलाही ठाऊक नव्हतं. हातात लांब दांडी, तिच्या टोकाला जाळीची झोळी. चेंडूला हात लावायचा नाही. झोळीत झेलायचा, झोळीत खेळवत पळायचं आणि झोळीतूनच गोलात मारायचा. चेंडू रबराचा, चांगला टणक. न्यूझीलंडमध्ये रग्बीपुढे या खेळाला कोण विचारतो? पण अमेरिकेतल्या कॉलेजांना त्याचं भारी वेड. तिथले कोच देशोदेशीच्या मुली हेरतात. ज्या मुलीला हे जमलं तिला शिक्षण, खेळ आणि नवा देश, तिन्ही एकदम मिळतात.

आता 'जमलं' म्हणजे काय, तेही सांगते. नुसतं चांगलं खेळून भागत नाही. मुलीने स्वतः कोचना ईमेल लिहायचा असतो. सोबत तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ. त्यात खेळ सुरू व्हायच्या आधी तिच्याभोवती गोल काढून दाखवायचा, नाहीतर कोचला कळायचं कसं, की यातली कोणती? पामर्स्टन नॉर्थ गावातल्या एका सामन्याचं एका बापाने ड्रोनवरून चित्रीकरण करून आणलं होतं. शेजारच्या कुरणातल्या गायी अगदी स्पष्ट दिसत होत्या, मुली मात्र मुंग्यांएवढ्या. "आता यातली तुमची कोणती?" म्हटलं, तर त्यालाही सांगता येईना. पुढे आमच्याकडचे क्रेडिट्स तिकडच्या गुणांत बसवून दाखवायचे. आमचं शाळेचं वर्ष डिसेंबरात संपतं, त्यांचं ऑगस्टात सुरू होतं, मधले महिने कसे घालवणार ते सांगायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे गप्प बसायचं. कारण मुलगी ठरावीक इयत्तेत जाईपर्यंत बऱ्याच कोचना तिला उत्तर द्यायचीच परवानगी नसते. उत्तर नाही याचा अर्थ नकार नाही, हे मी आईबापांना इतक्यांदा सांगितलंय, की झोपेतसुद्धा बडबडत असेन.

सम्यका गायकवाड माझ्याकडे आली ती अकरावी इयत्तेत (इथे शाळा तेरावीपर्यंत असते), म्हणजे पंधरा वर्षांची असताना. गायकवाडांचं घर हिल्सबरोत, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. वडील मिलिंद, पुण्याचे, पुलांची गणितं करणारे इंजिनिअर. आई वैशाली, हॉस्पिटलच्या रक्ताच्या लॅबमध्ये. माझी त्यांची ओळख मंडळातली. त्यामुळे ही पोर मला शाळेत 'मिस' म्हणायची आणि मंडळात 'मावशी'. शाळेत सगळे तिला सॅम म्हणत. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. तिचं बोलणं मी इथे बरंचसं मराठीत लिहितेय, ते समजून घ्या.

"मिस, मी गोलकीपर आहे," ती म्हणाली. "मला अमेरिकेत खेळायचंय. Like, really खेळायचंय."

गोलकीपर म्हटल्यावर मी तिला नीट पाहिलं. बारीक चणीची, डाव्या दंडावर बशीएवढा हिरवानिळा डाग. बाकीच्या मुली चेंडूपासून अंग वाचवतात. ही मुद्दाम आड येते. "दुखत नाही?" म्हटलं. "Heaps," म्हणजे खूपच, असं म्हणून ती हसली. कोपऱ्यावरच्या डेअरीच्या, म्हणजे दुकानाच्या, मागच्या भिंतीवर रोज चेंडू मारत बसायची. शंभर उजव्या हाताने, शंभर डाव्या. दुकानदाराने आधी हाकललं होतं, मग तोच मोजायला लागला. असं काम करणारी मुलगी दिसली की मी विरघळते, ते माझं जुनं दुखणं आहे.

मी तिला नियम सांगितला. ईमेल तू लिहायचास. चुका होऊ देत, पण तुझा पाहिजे.

पुढच्या आठवड्यात मिलिंद गायकवाड स्वतः आले, लॅपटॉप घेऊन. लॅपटॉपमध्ये साठ कॉलेजांचा तक्ता. कोचचं नाव, मागच्या मोसमातले सामने, कोणती गोलकीपर कधी पास होऊन जाणार, म्हणजे जागा कधी रिकामी होणार. मी थक्क झाले. इतका अभ्यास माझ्या पंधरा वर्षांत कुणी केला नव्हता. आणि प्रत्येक कोचला वेगळं पत्र, सम्यकाच्या नावाने, त्यांनी लिहिलेलं.

"मिलिंदराव, हे तिने लिहायचं असतं," मी म्हटलं.

"मॅडम, पाठवणार तीच आहे. तिच्याच अकाउंटवरून," ते म्हणाले. "ती लिहायला बसली तर चार ओळींत उरकेल. एका कागदाने काय होतं ते मला विचारा."

मग त्यांनी सांगितलं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी त्यांच्या अर्जावर एका दाखल्याचा शिक्का राहिला होता. खिडकीतल्या माणसाने अर्ज परत सरकवला. बारामतीजवळच्या गावी जाऊन शिक्का आणेपर्यंत मुदत गेली, आणि वर्ष गेलं. त्या वर्षात ते एका गॅरेजमध्ये कामाला होते. त्यानंतर आयुष्यात कुठलाही कागद त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिला नाही. बायकोच्या व्हिसाचा, मुलीच्या पोहण्याच्या क्लासचा, शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्या बाईच्या पेन्शनचासुद्धा त्यांनीच भरला. हे ऐकल्यावर मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला.

पत्रं मी वाचली. भाषा अशी, की मामलेदार कचेरीत चालली असती. 'मी खाली सही करणारी, अत्यंत नम्रपणे विनंती करते की...' अहो, पंधरा वर्षांची मुलगी अशी बोलते का? आणि इथे मी माती खाल्ली. 'हे तुमचं नाही, परत न्या' असं म्हणायच्या ऐवजी मी ते सुधारायला बसले. 'नम्रपणे विनंती' काढली. लांबलचक वाक्यं तोडली. जागोजागी स्वल्पविराम घातले. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'मी शाळेच्या संघाचं नेतृत्व केलं आहे.'

"ही कॅप्टन कधी होती?" मी विचारलं.

"एकदा होती ना. त्या कॅप्टनची अक्कलदाढ काढली होती तेव्हा. खोटं कुठे आहे?"

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. मी ते वाक्य ठेवलं. वर एक चांगलं क्रियापद घातलं.

साठ ईमेल गेले. महिनाभरात एकाचं उत्तर आलं. 'आमच्या उन्हाळी शिबिरात तुला पाहायला आम्हाला आवडेल!' उद्गारचिन्हासकट. झालं! गायकवाडांनी पेढे आणले. मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर अध्यक्षांनी माइकवर जाहीर केलं, की आपल्या सम्यकाची अमेरिकेच्या कॉलेजात निवड झाली. टाळ्या. वैशाली सगळ्यांना पेढे देत फिरतेय, आणि माझ्या हातात पेढा, आणि मला माहीत, की असलं पत्र ते यादीतल्या प्रत्येक मुलीला पाठवतात. शिबिराची जाहिरात असते ती! सम्यका कोपऱ्यात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मिलिंदरावांना सांगितलं. सरळ सांगितलं, मला गोड करून बोलता येत नाही. त्यांनी ते पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे मंडळात आता सांगावं लागेल." आणि पुढच्याच आरतीला माइक घेऊन त्यांनी सांगितलं, की माझी समजण्यात चूक झाली, निवड झालेली नाही, प्रयत्न चालू आहेत. हे सोपं नव्हतं हो. परदेशात आपलं गाव म्हणजे ते शंभर लोकच. त्या शंभरांपुढे त्यांनी ते सांगितलं. मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून फार आदर आहे.

मग लांबलचक शांतता. उन्हाळ्याची सुट्टी गेली, शाळा उघडली, सम्यका बारावी इयत्तेत गेली, कोचना उत्तर द्यायची मुभा मिळायची वेळ झाली. आणि एक खरं पत्र आलं. पेन्सिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजच्या कोचचं, नाव डॅना. तिने सम्यकाचा एक पूर्ण सामना, काटछाट न केलेला, आमच्या शाळेच्या कोचकडून मागवून बघितला होता. त्यात आमचा संघ सपाटून हरला होता. तरी तिला मुलगी आवडली होती. व्हिडिओ कॉल करायचा म्हणाली. त्याच्या आधी शाळेसाठी एक पानाची प्रश्नावली आली, मी भरायची. हजेरी, वागणूक, अभ्यास. शेवटचा प्रश्न असा, की विद्यार्थिनीने आमच्याशी केलेला पत्रव्यवहार तिचा स्वतःचा आहे का?

मी 'होय'वर खूण केली. साठांतून हे एकच दार उघडलं होतं. तिचं सगळं त्यावर अवलंबून होतं, कारण ती शिबिराची जाहिरात सोडली तर बाकीचे सगळे गप्प होते. माझ्या एका खुणेपायी ते का बंद होऊ द्यायचं, असं मी मनाला समजावलं.

कॉल माझ्याच ऑफिसात झाला. आमची सकाळ, त्यांची आदल्या दिवसाची दुपार. सम्यका स्क्रीनसमोर, आईबाप कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे भिंतीकडच्या खुर्च्यांवर, मी दारापाशी. मिलिंदरावांच्या मांडीवर वही, त्यात संभाव्य प्रश्न आणि उत्तरं. कोच डॅना भली वाटली. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, "Kia ora" हा इथला माओरी नमस्कार तिने मुद्दाम शिकून घेतला होता. मग ती म्हणाली, "तुझ्या पत्रातलं ते नेतृत्वाबद्दलचं वाक्य मला फार आवडलं. कॅप्टन म्हणून तुला सगळ्यात जड काय गेलं?"

मिलिंदरावांनी वहीचं पान वर करून धरलं. उत्तर लिहिलेलं होतं, मोठ्या अक्षरांत. सम्यकाने तिकडे बघितलं. मग तिने समोर पाहिलं.

"मी एकाच मॅचला कॅप्टन होते," ती म्हणाली. "आणि तो ईमेल मी लिहिला नाही. माझ्या बाबांनी लिहिला. वाचून सेंड मात्र मीच केला, so that's on me. चालत असेल तर मी तुम्हाला माझा लिहू का?"

वैशालीने नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. त्यांचं पान अजून वरच होतं. कोचने काहीतरी टिपून घेतलं. मग "सांगितलंस, आभारी आहे. लिही," एवढंच म्हणाली, आणि दोन मिनिटांत कॉल संपला.

मला विचाराल, तर मी चिडले होते. होय, चिडले होते! काय गरज होती? त्या एका मॅचमधलं काहीतरी सांगायचं आणि वेळ मारून न्यायची, जगात सगळे तेच करतात. मिलिंदराव वही मिटून उठले, मला "येतो, मॅडम" म्हणाले, मुलीला काहीच म्हणाले नाहीत. सम्यकाने त्याच दिवशी ग्रंथालयात बसून स्वतःचा ईमेल पाठवला. मला दाखवला नाही, मी मागितलाही नाही.

तीन आठवडे गेले. कोचकडून अवाक्षर नाही. मंडळातल्या बायका विचारत, "काय झालं हो गायकवाडांच्या अमेरिकेचं?" मी म्हणे, "चाललंय." मनात म्हणे, बुडालं. खरं बोलून बुडालं. पोर मात्र रोज भिंतीवर चेंडू मारत होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मग एका सकाळी ऑफिसचा फोन वाजला. कोच डॅना.

"मला सम्यकाबद्दल एकच विचारायचंय," ती म्हणाली. "तिचे आधीचे ईमेल तिचे नव्हते, हे तुम्हाला माहीत होतं?"

निवृत्तीला थोडे महिने राहिलेले, शाळेचं नाव, माझं नाव. एक 'नाही' म्हटलं असतं तर संपलं असतं.

"माहीत होतं," मी म्हटलं. "मी तपासून दिले होते. भाषा सुधारली होती. त्या कॅप्टनच्या वाक्यातलं क्रियापद माझं आहे. आणि तुमच्या फॉर्मवर मी खोटी खूण केली."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"तिने मला त्याच दिवशी लिहिलं," कोच म्हणाली. "तिच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी. फार लांब पत्र, दोनदा माफी मागितली आहे, आणि चूक सर्वस्वी माझी, मुलीला धरू नका, असं लिहिलंय. मुलीबद्दल माझ्या मनात तेव्हाच काही शंका उरली नव्हती. पण माझ्या कॉलेजला शाळेचा शब्द लागतो, आणि शाळेच्या कागदावर अजून 'होय' होतं. मी तीन आठवडे तुमची वाट बघत होते."

माझी! म्हणजे दार बंद झालं नव्हतं. मीच त्याला पाठ लावून उभी होते, आणि वर पोरीच्या खरेपणाला दोष देत होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुरुस्त केलेला फॉर्म मी तिथल्या तिथे पाठवला, मुख्याध्यापिकेला जाऊन सगळं सांगितलं, आणि जे ऐकून घ्यायचं ते ऐकून घेतलं. कोच म्हणाली होती, की उद्या सकाळपर्यंत सम्यकाला तिचा मेल येईल, पहिलं वर्ष बहुधा राखीव गोलकीपर म्हणून बाकावर बसावं लागेल, पण मी तिला घेते आहे.

मधल्या सुट्टीत मी सम्यकाला बोलावून घेतलं. पोहून आली होती, केस ओले, टॉग्जची, म्हणजे पोहण्याच्या कपड्यांची, पिशवी खांद्याला, कार्पेटवर पाणी गळतंय. मी तिला कोचचा फोन आल्याचं सांगितलं, तुला घेताहेत म्हणून सांगितलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग मी उरलेलंही सांगितलं. की मला सगळं ठाऊक होतं, पत्रात माझा हात होता, फॉर्मवर मी खोटं लिहिलं, आणि तू तीन आठवडे ताटकळलीस ती माझ्यामुळे.

"तुमच्या हाताचं माहीत होतं, मिस," ती म्हणाली. "बाबांच्या फाइलमध्ये तुमच्या सगळ्या दुरुस्त्या हिरव्या रंगात दिसत होत्या. वर तुमचं नाव होतं."

"मग कोचला तेव्हाच का नाही सांगितलंस? तू फक्त बाबांचं नाव घेतलंस."

तिने खांद्यावरची पिशवी सावरली. माझ्याकडे पाहिलं, आणि शाळेत असूनही, पहिल्यांदाच, मिस म्हणाली नाही.

"बाबा माझे आहेत, मावशी. त्यांचं मी सांगू शकते. तुमचं तुम्ही सांगायचं होतं."